पाइपलाइनचं मॉडेल करताना: उत्तर दिशा कुठे, झेड कुठे आणि कोन कुणापासून?

तिरपी_लाइन

नमस्कार मंडळी. अकरा वर्षं मी पाइप स्ट्रेसच्या (पाइपवर येणारे ताण तपासण्याच्या) कामात आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती इथे सविस्तर मांडते, कारण रिपोर्टमध्ये ती कुठेच दिसत नव्हती. एरर आली नाही, सगळे स्ट्रेस मर्यादेत होते आणि तरीही मॉडेल उलटं होतं.

काम एका पंपाचं. पंपात येणारी सक्शनची लाइन माझ्याकडे, बाहेर जाणारी डिस्चार्जची शेजारच्या सहकाऱ्याकडे. लेआउट ई३डी या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला. तिथे एक्स म्हणजे पूर्व, वाय म्हणजे उत्तर आणि झेड म्हणजे वर. स्ट्रेससाठी आम्ही सीझर टू हे सॉफ्टवेअर वापरतो आणि त्याच्या डिफॉल्टप्रमाणे वाय अक्ष उभा ठेवतो. झेड उभा करायची सोय त्यात आहे, पण आमच्या ऑफिसात जुन्या फाइली सगळ्या वायवाल्या. त्या दिवशी फाइल सरळ इम्पोर्ट होईना, म्हणून मी आयसोवरून (एकेका लाइनच्या मापांसह काढलेल्या तिरप्या ड्रॉइंगवरून) हाताने मापं भरली. पूर्व ती एक्स, वर ते वाय, राहिली उत्तर, ती झेड. एकदाही शंका आली नाही.

आता उजवा हात समोर धरून बघा. अंगठा पूर्वेला, तर्जनी आभाळाकडे. मधलं बोट दोघांनाही काटकोनात धरलं की ते दक्षिणेकडे जातं. म्हणजे एक्स पूर्वेला आणि वाय वर असेल तर झेड दक्षिणेलाच असणार, आणि उत्तर म्हणजे उणे झेड. मी उत्तरेची मापं अधिक झेड म्हणून भरली, त्यामुळे अख्खी लाइन आरशात दिसावी तशी झाली. डावीकडे वळणारा एल्बो उजवीकडे वळला.

मग स्ट्रेस का नाही चुकले? आरशातल्या पाइपचं वजन तेवढंच, तापमान तेवढंच, लवचीकताही तेवढीच. एकेका नॉझलची (पंपाच्या ज्या तोंडाला पाइप जोडतात त्याची) तपासणी आकड्यांच्या मोठेपणावर होते, चिन्हावर नाही, त्यामुळे तीही पास झाली. घोळ झाला तो पुढच्या पायरीला. पंपांच्या एपीआय ६१० या मानकातल्या एका तपासणीत सक्शन आणि डिस्चार्जची बळं आणि मोमेंट (बळाचा फिरवणारा परिणाम) पंपाच्या मध्याशी आणून त्यांची बेरीज करतात. एक्सेलमध्ये माझे आणि सहकाऱ्याचे रकाने एकाखाली एक. त्याचा झेड दक्षिणेला, माझा उत्तरेला. झेडच्या बळाचं माझं चिन्ह उलटं, एक्स आणि वायभोवतीच्या मोमेंटची चिन्हंही उलटी. झेडभोवतीचा मोमेंट तेवढा बरोबर, कारण तिथे आरसा आणि उलटा झेड एकमेकांना खोडतात. ज्या मोमेंटची बेरीज व्हायला हवी होती त्यांची वजाबाकी झाली आणि पंप आरामात पास झालेला दिसला.

"माझा झेड उत्तरेला आहे एवढंच समजून घ्या" असं म्हणूनही हे सुटत नाही, हे मला नंतर उमगलं. तसं वाचलं तर बळं तिन्ही बरोबर येतात, पण मोमेंट तिन्ही उलटे होतात. कारण सॉफ्टवेअर मोमेंटची दिशा उजव्या हाताने ठरवतं आणि मी त्याला डाव्या हाताचं जग दिलं होतं.

आमच्या चेकर काकांनी रिपोर्ट बाहेर जाण्याआधी पकडलं. त्यांनी आकडे पाहिलेच नाहीत. मॉडेलचं वरून दिसणारं चित्र प्रिंट करायला सांगितलं, त्यावर पेन्सिलने उत्तरेचा बाण काढायला लावला आणि ते चित्र आयसोशेजारी ठेवलं. दोन मिनिटांत संपलं.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळते: मॉडेलमध्ये शिरताना कोन घेऊन जायचा नाही, फरक घेऊन जायचे. पूर्वेला इतके मिमी, उत्तरेला इतके, वर इतके. कोन हवाच असेल तर तो या तिन्हींवरून काढायचा, आणि कशापासून, कुठल्या बाजूने मोजला ते लिहायचं. तुमच्याकडे हे कसं करतात? वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या लोकांनी लिहावं.

भूमापक_बार्शी

ताई, चांगला विषय काढलात. सर्व्हेच्या बाजूने भर घालतो.

आम्ही दिशा उत्तरेपासून मोजतो, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, ० ते ३६०. शाळेतली भूमिती पूर्वेपासून मोजते, काट्यांच्या उलट. ऑटोकॅडही डिफॉल्टला पूर्वेपासून आणि उलटच मोजतं. युनिट्समध्ये जाऊन ते बदलता येतं, पण किती जण बदलतात? दोन्हींचं नातं सरळ आहे. ९०मधून एक वजा केला की दुसरा मिळतो, ऋण आला तर ३६० मिळवायचे.

समजा लाइन पूर्वेला ३०० मीटर आणि उत्तरेला ४०० मीटर जाते. लांबी ५००. आमचं बेअरिंग ३६.८७ अंश, ऑटोकॅडमध्ये तोच ५३.१३. दोन्ही आकडे दिसायला सारखेच खरे वाटतात.

यातला सगळ्यांत वाईट सापळा दोन फरकांवरून कोन काढणाऱ्या एटॅन२ या फंक्शनचा. पायथन, सी वगैरे भाषांत ते आधी वाय मागतं, मग एक्स. एक्सेलमध्ये आधी एक्स, मग वाय. एकाकडचा फॉर्म्युला दुसरीकडे नेला की ३६.८७च्या जागी ५३.१३ येतात. आणि नेमकी हीच अदलाबदल बेअरिंग आणि गणिती कोन यांच्यातही असते. त्यामुळे फॉर्म्युल्यातली चूक आणि मोजण्याच्या पद्धतीतली चूक एकत्र झाल्या तर उत्तर बरोबर येतं. मग वर्षभराने कुणीतरी एक चूक दुरुस्त करतो आणि उत्तर बिघडतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

म्हणून माझी विनंती: नवीन शीट तपासताना ४५ अंशांची लाइन कधीही घेऊ नका. ४५ मध्ये सगळ्या चुका लपतात. ३००-४०० घ्या, आणि चारही चतुर्थांशांत एकेकदा घ्या.

लोखंडी_बांधा

मी फॅब्रिकेशन शॉपवाला, वसईला. आमच्याकडे या विषयाचं रूप म्हणजे रोलिंग ऑफसेट, एकाच वेळी बाजूला आणि वर सरकणारी लाइन. मॉडेलवाल्यांनी हे वाचावं अशी इच्छा आहे, कारण चूक तिकडे होते आणि पाइप इकडे कापला जातो.

एक स्पूल (शॉपमध्ये जोडून तयार करायचा पाइपचा भाग) आला होता. लाइन उत्तरेला जाते, मग तिरपी: १००० उत्तरेला, १००० पूर्वेला, १००० वर. तिन्हीकडे सारखंच सरकते म्हणून कुणीतरी दोन्ही टोकांना ४५चे एल्बो टाकले होते. आमच्या फिटरने ड्रॉइंग हातात घेतलं, जमिनीवर खडूने चौकोन काढला, एका कोपऱ्यावर उभी पट्टी धरली आणि समोरच्या कोपऱ्यापासून पट्टीच्या टोकापर्यंत सुतळी ताणली. गुण्या लावून म्हणाला, "साहेब, हे पंचेचाळीस नाही."

बरोबर होतं त्याचं. तिरप्या तुकड्याची लांबी १७३२. उत्तरेच्या लाइनशी कोन ५४.७४ अंश. जमिनीपासूनची चढण ३५.२६. ४५ हा आकडा वरून किंवा बाजूने पाहिलं तरच दिसतो.

४५चाच एल्बो वापरायचा असेल तर पुढचं अंतर वेगळं हवं. वर १००० आणि बाजूला १००० यांचा मिळून खरा ऑफसेट १४१४. मग उत्तरेलाही १४१४ जायला हवं, आणि तिरपा तुकडा बरोबर २००० येतो. फिटर लोकांच्या वहीत हे वर्षानुवर्षं आहे: खऱ्या ऑफसेटला १.४१४ने गुणा. मॉडेलमध्ये उत्तरेच्या अंतरात ४१४ मिमी कमी पडले होते आणि आम्हाला ९०चे एल्बो ५४.७४ला कापून बसवावे लागले. ते करता येतं, पण प्रत्येक कापलेल्या एल्बोला पुन्हा बेव्हल करा (वेल्डिंगसाठी कड तिरपी करा), फिटअप तपासा. वेळ जातो.

उभा_आडवा

लोखंडी_बांधा, हेच आमच्या लेआउटच्या भाषेत सांगतो. ई३डीत दिशा "एन ४५ ई ४५ यू" अशी लिहिता येते. वाचायची पद्धत: उत्तरेकडे तोंड करा, ४५ अंश पूर्वेला वळा, मग तिथून ४५ अंश वर बघा. याचे घटक येतात उत्तर ०.५, पूर्व ०.५, वर ०.७०७. तिन्ही समान नाहीत! समान हवे असतील तर "एन ४५ ई ३५.२६ यू" लिहावं लागतं. तुमच्याकडे आलेला स्पूल बहुतेक याच गोंधळातून आला असेल.

आणखी एक: "एन ३० ई" आणि "ई ३० एन" या दोन वेगळ्या दिशा आहेत. पहिली उत्तरेच्या जवळ, दुसरी पूर्वेच्या. फोनवर बोलताना हे उलटं ऐकलं जातं. आम्ही फोनवर कोन सांगायचं बंद केलं आहे.

प्लांट नॉर्थचाही विषय काढतो. प्रकल्पाची जागा तिरपी असते, म्हणून रस्ते आणि पाइप रॅक सरळ यावेत यासाठी कागदावरची उत्तर वळवून घेतात. समजा प्लांटची उत्तर खऱ्या उत्तरेपासून पूर्वेकडे ३२ अंश वळलेली आहे. मग ई३डीतला "उत्तर" शब्द आणि सर्व्हेवाल्याचा "उत्तर" शब्द एक नाहीत. बदलायचं सूत्र असं: खरी पूर्व म्हणजे प्लांटची पूर्व गुणिले कॉस ३२, अधिक प्लांटची उत्तर गुणिले साइन ३२. खरी उत्तर म्हणजे प्लांटची उत्तर गुणिले कॉस ३२, उणे प्लांटची पूर्व गुणिले साइन ३२. शेवटी मूळ बिंदूचे आकडे मिळवायचे. उणे कुठे येतो हे पाठ करण्यापेक्षा प्लांट ग्रिडवर दोन पक्के खांब घ्या, दोन्हींचे सर्व्हेचे आकडे मागवा आणि सूत्रातून काढून जुळवा. एका खांबावर फक्त मूळ बिंदू तपासला जातो. वळण तपासायला दुसरा लागतोच.

नवी_पालवी

मी या क्षेत्रात नवीन आहे, सहाच महिने झाले. प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा. उभ्या पाइपवर व्हॉल्व्ह टाकला की त्याचा हँडव्हील भलतीकडेच तोंड करतो. आडव्या पाइपवर मात्र बरोबर वर येतो. असं का?

तिरपी_लाइन

@नवी_पालवी, अजिबात बाळबोध नाही. स्ट्रेसच्या लोकांनाही हाच प्रश्न दुसऱ्या वेषात छळतो.

पाइपची दिशा सांगितली म्हणजे फक्त त्याच्या लांबीची दिशा सांगितली. पाइप स्वतःभोवती किती फिरलाय हे अजून उरतंच. आडव्या पाइपला सॉफ्टवेअर "वर" या दिशेचा आधार घेतं आणि हँडव्हील वर ठेवतं. पाइपच वर जात असेल तर तो आधार नाहीसा होतो. उभ्या काठीला बेअरिंग नसतं. तिची सावली वरून पाहिलं तर एक ठिपका. पूर्वेला शून्य, उत्तरेला शून्य, मग कोन कशाचा काढणार? म्हणून प्रोग्राम ठरवून ठेवलेला एखादा अक्ष उचलतो. उभ्या पाइपवर हँडव्हीलची दिशा तुला स्वतः द्यावी लागेल: उत्तर, किंवा जिकडे ऑपरेटर उभा राहणार तिकडे.

स्ट्रेसमध्ये प्रत्येक तुकड्याला स्वतःचे स्थानिक अक्ष असतात. पहिला अक्ष सुरुवातीच्या नोडकडून (टोकाच्या बिंदूकडून) शेवटच्या नोडकडे. बाकीचे दोन उभ्या दिशेशी क्रॉस गुणाकार करून काढतात. पाइप उभा झाला की तो गुणाकार शून्य होतो आणि स्थानिक अक्ष अचानक उडी मारतात. लाइन ८९ अंशांनी चढत असताना आणि बरोबर ९०ला असताना बळांचे स्थानिक आकडे पूर्ण वेगळ्या रकान्यांत दिसू शकतात. पाइपला काही झालेलं नसतं. उभ्या लाइनचे निकाल मी नेहमी ग्लोबल अक्षांतच वाचते.

आणि यंत्रांचे अक्ष तिसरेच. एपीआय ६१०मध्ये पंपाचा एक्स शाफ्टच्या दिशेने, झेड वर. वाफेच्या टर्बाइनसाठी नेमा या संस्थेचं एसएम २३ हे मानक वापरतात. त्यातही एक्स शाफ्टच्या दिशेनेच, पण वर जातो तो वाय. एकाच पायावर टर्बाइन आणि पंप शेजारी बसलेले असतात आणि दोघांचा "वर" वेगळ्या अक्षराने लिहिलेला असतो.

शंभर_कोस

आम्ही लांब पल्ल्याच्या गॅस लाइनवाले. तुमचा प्लांट एक किलोमीटरचा, आमची लाइन काही शे. तिथे "उत्तर" ही स्थिर गोष्टच राहत नाही.

यूटीएम या नकाशाच्या ग्रिडमध्ये पृथ्वीचे ६-६ अंशांचे पट्टे पाडलेले आहेत. महाराष्ट्र दोन पट्ट्यांत येतो. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला ४३वा झोन, पूर्वेला ४४वा. मुंबई, नाशिक, अमरावती ४३मध्ये. वर्धा, नागपूर ४४मध्ये. मुंबईहून नागपूरला जाणारी कुठलीही लाइन विदर्भात ही सीमा ओलांडते. ओलांडताच पूर्वेचा आकडा साधारण ८ लाख १२ हजारांवरून १ लाख ८८ हजारांवर येतो. ही उडी एवढी मोठी की ती कुणाच्याही लक्षात येते. लक्षात न येणारी उडी कोनाची असते.

ग्रिडची उत्तर आणि खरी उत्तर एकच असतात त्या फक्त झोनच्या मध्यरेषेवर, म्हणजे आपल्याकडे ७५ आणि ८१ अंशांवर. मध्यरेषेपासून जितके अंश दूर, गुणिले अक्षांशाचा साइन, तेवढा दोघींत फरक. झोनच्या सीमेवर ३ अंश दूर आणि अक्षांश २०.८ धरला तर १.०७ अंश. ४३मध्ये ग्रिडची उत्तर खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला झुकते, ४४मध्ये तेवढीच पश्चिमेला. म्हणजे जमिनीत गाडलेल्या त्याच सरळ पाइपचं बेअरिंग दोन झोनमध्ये २.१३ अंशांनी वेगळं येतं. एका किलोमीटरवर हा फरक बाजूला ३७ मीटर होतो. सर्व्हेचे दोन तुकडे नुसते सरकवून जोडले, वळवून जोडले नाहीत, तर जोडावर एक बेंड दिसायला लागतो जो जमिनीवर नाहीच. आमच्या एका कामात तसा बेंड बिल ऑफ क्वांटिटीपर्यंत (सामानाच्या यादीपर्यंत) पोचला होता.

लांबीही तशीच. मध्यरेषेवर ग्रिड किलोमीटरमागे ४० सेंमी कमी दाखवतो, आपल्या अक्षांशात झोनच्या कडेला ८० सेंमी जास्त. त्यावर चढणीचा फरक वेगळा: नकाशावर १०० मीटर आणि चढ ३० मीटर असेल तर पाइप १०४.४ मीटर लागतो. कसारा-इगतपुरीसारख्या घाटात आडव्या चेनेजवर (नकाशावर मोजलेल्या अंतरावर) पाइप मागवला तर तो पुरत नाही.

आता बेंड. प्लॅनमध्ये लाइन ४५ अंश वळते आणि त्याच जागी सपाटीवरून ३० अंश चढायला लागते. बेंड किती अंशांचा मागवाल? मी हा प्रश्न प्रत्येक नवीन मुलाला विचारतो. कुणी ७५ म्हणतं, कुणी ४५. खरं उत्तर ५२.२४. खऱ्या कोनाचा कॉस म्हणजे प्लॅनमधल्या वळणाचा कॉस गुणिले दोन्ही चढणींचे कॉस, अधिक दोन्ही चढणींच्या साइनचा गुणाकार. पहिली चढण शून्य असल्यामुळे इथे फक्त ०.७०७ गुणिले ०.८६६, म्हणजे ०.६१२. आणि एवढ्यावर थांबत नाही. तो बेंड खंदकात किती अंश कलता ठेवायचा हेही साइटला सांगावं लागतं, नाहीतर ५२.२४चा अगदी अचूक बेंड भलतीकडे तोंड करून बसतो.

शब्दही पक्के करा. आमच्याकडे ४५चा बेंड म्हणजे दिशा ४५ने बदलली, दोन पाइपांमधला कोन १३५. आतला कोन लिहिणारे लोकही भेटतात.

विदा_वाहिनी

मी पाइपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहितो. शंभर_कोस यांच्या मोठमोठ्या आकड्यांवरून आठवलं.

पुण्याजवळ यूटीएमचा उत्तरेचा आकडा सुमारे २० लाख ४८ हजार मीटर असतो. चित्र दाखवणारे बरेच प्रोग्राम ग्राफिक्स कार्डला ३२ बिटांचे दशांश आकडे देतात. त्यांत साधारण सातच अंक टिकतात. एवढ्या मोठ्या आकड्याला दोन शेजारच्या किमतींमधलं अंतर १२.५ सेंमी येतं. चार इंची लाँग रेडियस एल्बोचं मध्यापासून टोकापर्यंतचं माप १५२ मिमी. म्हणजे अख्खा एल्बो एक-दोन पायऱ्यांत संपतो! पडद्यावर पाइप थरथरतात, फ्लँज आपल्या पाइपपासून सुटे दिसतात आणि लोकांना वाटतं मॉडेल बिघडलं. बऱ्याचदा साठवलेला आकडा बरोबर असतो, दाखवताना तुटतो. पण तो तुटलेला आकडा स्नॅप करून कुणी पुढचा पाइप जोडला की चूक साठवली जाते.

उपाय जुनाच आहे. प्रकल्पाच्या मध्यावर एक स्थानिक मूळ बिंदू घ्या, सगळं त्याच्यापासून मोजा आणि त्या बिंदूचे सर्व्हेचे आकडे एकाच ठिकाणी लिहून ठेवा.

कोन काढणाऱ्यांसाठी: दोन दिशांमधला कोन नुसत्या व्यस्त कॉसने काढू नका. कोन लहान असेल तर कॉस १च्या इतका जवळ असतो की ३२ बिटांत ०.०१ अंशाचं वळण सरळ शून्य होतं. कधी पूर्णांकनात १च्या किंचित वर आकडा जातो आणि उत्तरच येत नाही. क्रॉस गुणाकाराची लांबी आणि डॉट गुणाकार दोन्ही काढून एटॅन२ला द्या. (भूमापक यांनी सांगितलेला क्रम सांभाळून!)

टाकी_ते_नळ

पाणीपुरवठ्याकडून थोडक्यात. ईपानेट या पाण्याच्या जाळ्याचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाइपला कोन लागतच नाही. नोडचे एक्स-वाय फक्त नकाशा काढायला; हायड्रॉलिक्स चालतं ते तुम्ही भरलेल्या लांबीवर, व्यासावर आणि नोडच्या उंचीवर. दिशा म्हणजे सुरुवातीचा नोड आणि शेवटचा नोड. प्रवाह ऋण आला तर पाणी उलट वाहतंय एवढाच अर्थ, पाइप चुकलेला नाही. नवीन मुलं ऋण आकडा बघून घाबरतात आणि पाइप पुसून उलटा काढतात.

आमच्याकडे अक्षांची चूक कुठे होते ते सांगतो. एका योजनेचं मॉडेल माझ्याकडे तपासायला आलं. गावात सगळीकडे दाब जवळजवळ टाकीइतकाच, घर्षणात काही जातच नव्हतं. पाइपच्या तक्त्यात पाहिलं तर लांबी ०.००९३, ०.०११२, ०.००४७. जीपीएसचे अक्षांश-रेखांश तसेच टाकले होते आणि लांबी आपोआप मोजायची सोय चालू होती, त्यामुळे लांबी अंशांत आली. ०.०१ अंश उत्तर-दक्षिण म्हणजे १.१ किलोमीटर, प्रोग्रामसाठी तो एक सेंटिमीटरचा पाइप. आधी यूटीएममध्ये बदला, मग टाका.

लोखंडी_बांधा

एक मुद्दा मला पटला नाही, तो बोलतो. तिरपी_लाइन ताई म्हणतात कोन घेऊन जाऊ नका, फरक घेऊन जा. मॉडेलसाठी ठीक. पण शॉपमध्ये माणूस एल्बो कापतो तो कोनावर. त्याला पूर्व-उत्तर-वर असे तीन आकडे दिले तर तो उन्हात उभा राहून व्यस्त कॉस काढणार का? आणि शॉपमध्ये उत्तर नसतेच. स्पूल टेबलावर आडवा पडलेला असतो. त्याला हवा असतो खरा कोन आणि एका फ्लँजच्या तुलनेत दुसऱ्या फ्लँजचं वळण, बस.

तिरपी_लाइन

बरोबर आहे तुमचं, मी अर्धंच लिहिलं होतं. मॉडेलमधून मॉडेलमध्ये जाताना फरक न्यायचे. माणसाच्या हातात देताना कोन द्यायचा, पण खरा कोन, प्लॅनमधला नाही. आणि तिरप्या तुकड्याभोवती आयसोवर खोका काढून तिन्ही बाजूंची मापं त्यावर लिहायची, म्हणजे तुमच्या फिटरसारखा माणूस सुतळी लावून ताडून बघू शकतो. तुमच्या त्या स्पूलच्या आयसोवर खोका होता का?

लोखंडी_बांधा

खोका होता, म्हणूनच पकडला गेला. नुसतं ४५ लिहिलेलं असतं तर कापून मोकळे झालो असतो. आता आम्ही शॉपमधून निघताना स्पूलवर पिवळ्या रंगाने उत्तरेची बाजू आणि प्रवाहाचा बाण मारतो. कुठली उत्तर तेही लिहितो, "प्लांट". साइटवर क्रेनला स्पूल लटकत असताना कुणी ड्रॉइंग उघडत नाही.

तिरपी_लाइन

सगळ्यांच्या प्रतिसादांवरून मी एक छोटी चाचणी बनवली आहे आणि कालपासून आमच्या टीममध्ये सुरू केली. नवीन प्रकल्पाच्या फाइलमध्ये खरं काम सुरू करण्याआधी एक खोटी लाइन टाकायची: पूर्वेला १०००, मग उत्तरेला २०००, मग वर ३०००. तिन्ही आकडे मुद्दाम वेगळे, म्हणजे कुठल्याही दोन अक्षांची अदलाबदल झाली की लगेच दिसते. वरून पाहिल्यावर पहिलं वळण डावीकडेच असलं पाहिजे. उजवीकडे दिसलं तर आरसा.

स्ट्रेसच्या फाइलला दुसरी: एका अँकरपासून (पाइप पूर्ण जखडलेल्या टोकापासून) पूर्वेला १ मीटर पाइप, वजन बंद, टोकाला उत्तरेकडे १०० न्यूटन. त्या बळाचा अँकरपाशी होणारा मोमेंट उभ्या अक्षाभोवती १०० न्यूटन-मीटर आणि वरून पाहिलं तर काट्यांच्या उलट, म्हणजे अधिक. अँकरची प्रतिक्रिया वाचत असाल तर ती बरोबर उलट चिन्हाची. माझी पावसाळ्यातली फाइल या चाचणीला लावून पाहिली. चिन्ह उलटं आलं.

नवी_पालवी

ताई, मी तुमची १०००-२०००-३०००ची लाइन टाकून पाहिली. पहिलं वळण डावीकडे आलं. मग सुरुवातीपासून शेवटापर्यंत एक सरळ पाइप टाकला. लांबी ३७४१.६६ आली, चढण ५३.३० आली. पण कॅल्क्युलेटरवर बेअरिंग २६.५७ येतंय आणि सॉफ्टवेअर ६३.४३ दाखवतंय. माझं कुठे चुकलं?

भूमापक_बार्शी

कुठेच नाही. दोघांची बेरीज करून बघा, ९० येते. तुम्ही उत्तरेपासून काढलंत, सॉफ्टवेअर पूर्वेपासून मोजतंय. फाइलच्या पहिल्या पानावर तेवढं लिहून ठेवा, तुमच्यानंतर ती उघडणाऱ्यासाठी.